स्पीकर-खुर्च्यावाला, शनिवार पेठ, कोल्हापूर: ज्यांना सभा घ्यायच्यात त्यांच्यासाठी

लग्न, बारसं, डीजे असलं काही हवं असेल तर दुसरीकडं जा. याच्याकडं दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, तीन माईक (एक खरखरतो), शंभरेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक छोटा टेम्पो एवढंच आहे. मी चाळीस वर्षं चळवळीत आहे. त्यातली पंचवीस याच्याच माईकवर घसा कोरडा केलाय.

आधी तक्रारी. सहाची सभा असेल तर पाचची सांगा, तेव्हा कुठं साडेसहाला येईल. फोन उचलत नाही. पोलीस परवानगीची झेरॉक्स हातात पडल्याशिवाय भोंगा खांबाला बांधत नाही. यावरून मी त्याच्याशी दोनदा भांडलेय आणि दोन्ही वेळा त्याचंच बरोबर निघालं.

पण खुर्च्या मांडाव्यात त्यानंच. "आक्का, किती लोकं येत्यात?" मी म्हणते, शंभर. "मग चाळीस टाकतो. बाकीच्या टेम्पोत ऱ्हाऊंदेत. कमी पडल्या तर गर्दी दिसतीया, उरल्या तर तुमचंच तोंड पडतंय." वक्त्याला भाषण शिकवणारे पुष्कळ भेटले, रिकाम्या खुर्चीपासून वाचवणारा हा एकटाच.

कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी मात्र त्याचा हिशोब पार चुकला होता. शेकापचे एन. डी. पाटील सर आणि कॉम्रेड गोविंद पानसरे बोलायला उभे राहिले की लोक खुर्च्या उचलून कडेला ठेवायचे, उभं राहायलाच जागा नसायची. १६ फेब्रुवारी २०१५ ला कॉम्रेडना गोळ्या घातल्या, २० तारखेला ते गेले. टोल रद्द झाला त्याच वर्षी डिसेंबरात. ते दहा महिने माझ्या अजून घशात अडकलेत.

२०२५ च्या जुलैत 'कडव्या डाव्यां'वर कारवाईसाठीचं म्हणून राज्याचं जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं, त्यानंतरच्या आठवड्यात बिंदू चौकात निषेध सभा ठेवली. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला माहीत आहे. अॅम्प्लिफायरवर खताचं पोतं, पोत्यावर छत्री, छत्री धरायला त्याचा पोरगा. माणसं तेवीस, त्यातली चार साध्या वेशातली. आमच्यातला सगळ्यात तरुण माणूस अठ्ठावन्न वर्षांचा. चाळीसातल्या सतरा खुर्च्या पावसात नुसत्या भिजत होत्या, फुले-आंबेडकरांचे पुतळे समोर. घरी येऊन मी बॅनरची काठी माळ्यावर टाकली. बास झालं आता, असं ठरवलंच होतं.

पैसे द्यायला गेले ते थेट ऑगस्टअखेरीस. त्याची लाल कापडी पाठीची वही आहे, तारीख, जागा, भोंगे, बाकी असं लिहिलेलं. माझं पान सापडेना म्हणून तो मागं मागं उलटत गेला आणि मी शेजारी उभी राहून वाचत गेले. 'खंडपीठ, वकील लोक.' चार पानं मागं परत 'खंडपीठ'. आणखी मागं, परत. कितीदा आम्हीच चेष्टा केली असेल या मागणीची! आणि त्याच महिन्यात, १८ तारखेपासून, मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं कामकाज कोल्हापुरात सुरू झालं होतं. 'थेट पाइपलाइन' तर इतक्या वेळा की पुढं पुढं त्यानं नुसतं 'थेट' लिहिलंय. काळम्मावाडी धरणाचं ते पाणी शहरात २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास आलं. 'टोल'ची पानं सलग, शाईवर चहाचा डाग. जे अजून आलेलं नाही तेही होतंच, तेच जास्त होतं. पण सगळं एकाच अक्षरात, एकाच भावात.

तो काहीच वाचत नव्हता. त्याला फक्त माझी बाकी हवी होती. शेवटी २०१४ चं पान काढून बोट ठेवलं: 'टोल, बिंदू चौक, भोंगे २, बाकी १५०'.

"अकरा वर्षं झाली की रे! खोडलं का नाहीस?"

"खोडायचं कशाला? तुम्ही कुठं पळून जाताय?"

जुलैचे पैसे आणि वर दीडशे दिले. सुटे नव्हते, पन्नास त्याच्याकडं राहिले. ते पुढच्या सभेत वळते करायचे म्हणाला आणि वही उघडी ठेवूनच विचारलं, "तारीख?"

२६ नोव्हेंबर सांगितलीय. खरखरणारा माईक आणू नकोस, हेही. खुर्च्या तो चाळीसच टाकणार.