आउटबोर्डची लाल दोरी: एका हंगामाच्या वापरानंतर

१५ अश्वशक्तीचे, फोर-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू होणारे हे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन वापरून आता एक पूर्ण हंगाम झाला. ताकद, वजन आणि पेट्रोलचा खप यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी तिकडे वळत नाही. देवबागजवळ कर्ली खाडीत, ओहोटीची ओढ असताना, हलकी फायबरची होडी चालवणाऱ्याचा जीव ज्या भागावर अवलंबून असतो, तो इंजिन बंद करणारा सुरक्षा स्विच माझ्याकडे निकामी झाला आणि त्यासाठी सर्व्हिस सेंटरशी बराच वाद घालावा लागला.

बाकीची नियंत्रणे चांगली आहेत. गिअर टाकलेला असताना इंजिन सुरू करायची दोरी ओढलीच जात नाही, ही सोय मला फार मोलाची वाटते. वेग एका जागी धरून ठेवणारा स्क्रू सुरुवातीला आवडला होता, कारण लांबच्या पल्ल्यात मनगटाला आराम मिळतो. परंतु तो आवळलेला असताना वेग झटकन उतरवता येत नाही, त्यामुळे जाळी आणि पर्यटकांच्या होड्या असलेल्या पाण्यात मी तो आता सैलच ठेवतो.

सुरक्षा स्विचच्या लाल दोरीचे काम सर्वांना ठाऊक आहे: ती चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली असते, आणि तो पडला की दोरीच्या दुसऱ्या टोकाची क्लिप स्विचमधून निघते आणि इंजिन बंद होते. हँडल सुटले की पंख्याच्या जोराने ते एका बाजूला वळते, होडी गोल फिरू लागते आणि पडलेल्या माणसाच्याच अंगावर परत येते. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधील पॅडस्टोजवळ वेगवान बोटीतून सहा जणांचे कुटुंब पाण्यात फेकले गेले, तेव्हा ही दोरी कोणालाही बांधलेली नव्हती. फिरत राहिलेल्या त्या बोटीने वडील आणि आठ वर्षांच्या मुलीचा बळी घेतला.

पावसाळ्यानंतर होडी पुन्हा पाण्यात घातली, तेव्हा इंजिन पहिल्या काही ओढींतच सुरू झाले आणि उत्तम चालले. धक्क्याला लागल्यावर क्लिप ओढली, तरी ते चालूच राहिले. इंजिन बंद करायचे लाल बटण दाबले, तरीही तेच. शेवटी टाकीकडून येणारी नळी काढून चोक ओढला, तेव्हा ते गुदमरून थांबले. सर्व्हिस सेंटरने इंजिन न उघडताच पूर्ण स्विच असेंब्ली बदलण्याचा काही हजारांचा अंदाज दिला आणि निव्वळ स्विच किंवा क्लिप सुटी देण्यास नकार दिला. त्या संतापात मी या अनुभवाचा जो पहिला मसुदा लिहिला, त्यात इंजिनाला सरळ नापास केले होते.

ते मत मालवणच्या एका मेस्त्रींमुळे बदलले. त्यांनी वरचे झाकण काढले, स्विचकडून येणारी वायर बोटाने चाचपत जोडापर्यंत गेले आणि म्हणाले, "स्विच बरो आसा, वायर कुजली हा." जोडातले तांबे हिरवे पडून त्याचा भुगा झाला होता. खराब तुकडा कापून, नवा जोड दाबून, त्यावर ग्रीस भरून त्यांनी अर्ध्या तासात काम संपवले. खर्च चहापाण्याइतकाच आला.

मेस्त्रींनी समजावलेली गोष्ट मात्र माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत हवी होती. या इंजिनात क्लिप निघाली की स्विच प्रज्वलनाचा प्रवाह अर्थिंगकडे वळवतो आणि ठिणगी थांबते. म्हणजे इंजिन बंद करण्यासाठी ती वायर शाबूत असावी लागते. चालण्यासाठी तिची गरजच नसते. खाऱ्या हवेने ती तुटली, तर इंजिन पूर्वीइतकेच छान चालते, कोणताही दिवा लागत नाही आणि दोरी मांडीला बांधलेली असूनही निरुपयोगी झालेली असते. म्हणून मी आता इंजिन बटणाने बंद करतच नाही. प्रत्येक वेळी न्यूट्रलमध्ये आणून क्लिप ओढूनच बंद करतो, म्हणजे तपासणी आपोआप होते.

दोरी मनगटापेक्षा गुडघ्याच्या वर बांधणे मला सोयीचे वाटते; पकड फिरवताना ती गुंतत नाही. खाडीच्या मुखाशी लाटा फुटतात तिथे चुकून क्लिप निघणे धोक्याचे आहे, पण त्यासाठी दोरी काढून ठेवणे हा उपाय नव्हे. जागा सोडून न उठणे हाच उपाय आहे. आणखी एक क्लिप सोबत्याच्या खिशात हवीच, कारण चालवणारा क्लिपसकट पाण्यात पडला, तर त्याला उचलायला जाण्यासाठी इंजिन पुन्हा सुरू होत नाही. प्रत्येक कंपनीच्या क्लिपचा आकार वेगळा असल्याने दुसऱ्याची उसनी चालेलच असे नाही. ही दुसरी क्लिप मी अखेर मुंबईहून मागवली आणि बसवून पाहिल्यावरच पैसे दिले. इंजिनाला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. सर्व्हिस सेंटरला एकही नाही.