गुलावट, सिरपूर की कालाकुंड? साठीपुढच्या गटाने इंदूरजवळ कुठे जावं

इंदूरहून साठी-सत्तरीतले दहा-बारा जण सकाळी बाहेर काढायचे ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती लांब आहे?" वास्तविक हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न उताराचा, दुसरा शौचालयाचा. चढताना दम लागतो, दोन मिनिटं थांबलं की ओसरतो. उतरताना मात्र प्रत्येक पावलागणिक अंगाचा भार गुडघ्यावर आदळतो, आणि उतरण नेमकी परतीच्या वाटेवर, माणूस थकलेला असताना येते. शिवाय गटात निम्मे तरी रक्तदाबाची 'पाण्याची गोळी' सकाळी घेणारे असतात. त्यांना पहिल्या दोन-तीन तासांत वारंवार जावं लागतं, म्हणून ते घरून पाणीच न पिता निघतात आणि दहाच्या उन्हात चक्कर येते. गोळीची वेळ त्या दिवसापुरती पुढे ढकलता येईल का, हे आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून ठेवावं. आपल्या मनाने गोळी चुकवू नये.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी: फेरी चालायची आहे की फोटोंची. नुसता चालणारा गट सपाटीवर तासाला अडीच-तीन किलोमीटर जातो. फोटो काढणारा गट तासाला एक गेला तरी पुष्कळ. दोघांना एकत्र नेलं की चालणारे पुढे जाऊन कंटाळतात, मागचे त्यांना गाठायला घाई करतात आणि तिथेच पाय घसरतो. दोन्ही हवंच असेल तर जागा अशी निवडावी की वाट एकच असेल आणि परतही तिथूनच येता येईल. म्हणजे ज्याला जिथे थांबायचं तिथे तो थांबेल आणि बाकीचे परतताना त्याला घेऊन येतील.

सिरपूर की गुलावट

सपाटीच्या या दोन जागा. खरी निवड बहुतेकांना यांच्यातच करावी लागते.

सिरपूर तलाव धार रोडला, जवळजवळ शहरातच. होळकरांच्या काळात इंदूरच्या पाण्यासाठी बांधलेला. 2022 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. पाळीवरची वाट सपाट आहे, रिक्षा जवळपर्यंत जाते, आणि कुणाला बरं वाटेनासं झालं तर अर्ध्या तासाच्या आत घरी किंवा दवाखान्यात पोचवता येतं. पहिल्यांदाच गट काढणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं आमचं मत आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना, काठी घेणाऱ्यांना आणि एकट्याने आलेल्यांना ही जागा सोसते.

फोटोंच्या बाबतीत मात्र सिरपूर मोबाइलवाल्यांना दाद देत नाही. हळदी-कुंकू बदक, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, असे सगळे पाणपक्षी दिसतात, पण पाण्यात आत. मोबाइलवर बोटांनी झूम करून काढलेला वारकरी म्हणजे निव्वळ काळा ठिपका. निदान 300 मिलिमीटरची लेन्स हवी, किंवा लांब झूमची, न निघणारी लेन्स असलेला कॅमेरा. वयाच्या दृष्टीने दुसरा पर्याय बरा: वजन कमी आणि लेन्स बदलायची कटकट नाही. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी दुर्बीण घ्यावी, 8 बाय 42 ची, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटरच्या भिंगाची. 10 पटीची घेतली तर हाताचा कंपही दहापट दिसतो, आणि चष्म्यावरून बघणाऱ्याला ती लवकर नकोशी होते.

गुलावट हातोदच्या बाजूला, यशवंतसागर धरणाच्या फुगवट्यावर. यशवंतसागरही 2022 पासून रामसर यादीत आहे आणि सारसांसाठी ओळखला जातो. पण गुलावटला लोक जातात ते कमळांसाठी. पाऊस सरला की फुलं वाढत जातात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ भरवशाचा. इथे गणित उलटं आहे: मोबाइल पुरतो. फूल हाताच्या अंतरावर, स्थिर आणि मोठं.

गुलावटची अडचण वेळेची आहे. कमळ सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटू लागतं. इंदूरहून आठला निघून, वाटेत पोहे-जिलबी करून दहाला पोचणाऱ्या गटाला पानंच जास्त मिळतात. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, डिसेंबरअखेर सातच्या सुमारास. उगवल्यानंतरचा दीड तास आपला समजावा, पोहे परतताना. मधुमेह असलेल्यांनी तोवर उपाशी राहू नये. निघताना दोन बिस्किटं किंवा मूठभर फुटाणे खिशात असावेत, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते टोचून मग खाणं लांबवू नये.

फोटो काढताना बहुतेक जण उभ्याने, वरून खाली काढतात. फूल चपटं दिसतं आणि मागे चिखलकट पाणी येतं. कमळ पाण्याच्या पातळीवरून बघावं लागतं आणि साठीनंतर उकिडवं बसणं म्हणजे उठताना दोघांचे हात लागणं. उपाय साधा आहे: मोबाइल उलटा धरावा. कॅमेऱ्याची भिंगं खालच्या बाजूला येतात, त्यामुळे किंचित वाकून हात खाली केला तरी पाण्याजवळचा कोन मिळतो. सूर्य फुलाच्या मागे ठेवला तर पाकळीतून प्रकाश आरपार येतो, शिरा दिसतात. मग पडद्यावर फुलावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा, नाहीतर गुलाबी रंग पांढरा पडतो. मोबाइलला दोरी लावून ती मनगटात अडकवावी. काठावरची माती ओली असते. पाण्यापासून दोन पावलं मागे उभं राहावं.

गुलावटला बांबूचं बनही आहे, सावलीत चालायला छान. स्वच्छतागृहाचा भरवसा मात्र तिथे धरू नये. हातोदला थांबूनच पुढे जावं. आणि रविवार टाळावा. साडेआठनंतर प्री-वेडिंगवाले कॅमेरे, घोडे आणि होड्यांची गर्दी यात आजी-आजोबांचा गट हरवतो.

थोडक्यात, हाती मोबाइल आणि पहाटे उठायची तयारी असेल तर गुलावट. लांब लेन्स असेल, किंवा गटातल्या एखाद्याची तब्येत नाजूक असेल, तर सिरपूर.

उंचावरून दृश्य हवं असेल तर

रालामंडल आणि जानापाव, दोन्हीकडून माळवा खाली पसरलेला दिसतो. रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची 1905 ची शिकारगाह आहे. अभयारण्य 1989 चं. वाट रुंद आणि बरी आहे, पण जाताना सगळी चढण आणि येताना सगळी उतरण. गुडघे धड असलेल्यांनी हिवाळ्यात जरूर जावं, दोन काठ्या घेऊन. उतरताना काठी चढतानापेक्षा दोन-तीन इंच लांब करावी. आखूड ठेवली की माणूस पुढे झुकतो आणि तोल जातो.

जानापावला गाडी वर जाते. चंबळेचं उगमस्थान आणि परशुरामाचं स्थान म्हणून श्रद्धेने येणारेही पुष्कळ. चालणं जवळजवळ नाहीच, म्हणून 'वॉक' म्हणून मोजू नका. पण पावसाळ्यात ढग खाली आणि आपण वर, असा फोटो इंदूरजवळ दुसरीकडे क्वचितच मिळतो. कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेचा दिवस सोडून जावं.

तिंछा नको. तो धबधबा सुंदर असेलही, पण ओल्या शेवाळी खडकावर साठीपुढच्या गटाला नेण्यात काही अर्थ नाही.

कालाकुंड: बसून बघायचं जंगल

ज्यांना चालणं झेपत नाही पण घाट बघायचा आहे, त्यांच्यासाठी पातालपानी ते कालाकुंड ही मीटर गेजची हेरिटेज गाडी. ती 25 डिसेंबर 2018 ला सुरू झाली. अंतर दहा किलोमीटरच्या आतलं, चाळीसात एक असा तीव्र चढ आणि मध्ये बोगदे. गाडी हंगामी असते, मुख्यतः पावसाळ्यात शनिवार-रविवारी, तेव्हा त्या वर्षीचं वेळापत्रक बघूनच गट ठरवावा. शनिवार-रविवारची तिकिटं पटकन संपतात.

डबा निवडताना एक गोष्ट बघा. एसी डब्यात खिडक्या मोठ्या, बसायला आराम, पण काच बंद. काचेत आपलाच चेहरा उमटतो. भिंग काचेला टेकवून भोवती काळा रुमाल धरला तर तो जातो. साध्या डब्यात खिडकी उघडी, फोटो स्वच्छ, पण पावसाची झड आत येते आणि हात बाहेर काढायचा मोह होतो. बोगद्याची भिंत अगदी जवळून जाते. हात, कोपर, मोबाइल, काहीही बाहेर नको. कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं वेगवान ठेवा, नाहीतर जवळची झाडं हिरव्या रेघा होतात. एसीतून दमट हवेत उतरल्यावर भिंगावर बाष्प धरतं. ते पुसत बसू नये. उतरायच्या आधी कॅमेरा पिशवीत बंद करावा आणि उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवावा.

गाडी पातालपानीच्या धबधब्यापाशी थोडी थांबते. तेवढ्यात दारात गर्दी करून उतरण्यात अर्थ नसतो. फोटो रेलिंगच्या आतूनच काढावेत. प्रवाहात उतरू नये, वर आकाश निरभ्र दिसत असलं तरीही. पाणी वरच्या पठारावरून येतं. पाऊस तिकडे पडतो आणि लोंढा इथे काही क्षणांत पोचतो. 2011 च्या जुलैत असाच लोंढा आला आणि माणसं वाहून गेली.

कालाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो. मधुमेह्यांनी एका द्रोणात चौघं जण भागवावं. एवढं पथ्य कुणीही पाळत नाही, तरी लिहून ठेवतो.

मांडू याच रांगेत अनेक जण बसवतात. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, त्यात जहाज महालाच्या उंच पायऱ्या आणि रूपमतीच्या मंडपाकडची चढण. एका दिवसात सगळं करायचं म्हटलं की गाडीतच निम्मा वेळ जातो. करायचंच तर मुक्काम करून, आणि रूपमती संध्याकाळी. खालचं निमाडचं मैदान तेव्हाच उजळतं.

कुठेही गेलात तरी गट बाराच्या वर नको. एक जण वाट दाखवायला पुढे, एक सर्वांत मागे, आणि मागच्याच्या मागे कुणीही राहिलं नाही याची खात्री झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. प्रत्येकाच्या खिशात नाव, औषधं, रक्तगट आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते मोठ्या अक्षरात. बारा सीटांची ट्रॅव्हलर बरी, पण तिची पायरी उंच असते आणि सकाळी सगळ्यात जास्त घोटे तिथेच मुरगळतात. दहा-बारा इंच उंचीचं, न डुगडुगणारं प्लास्टिकचं स्टूल दारापाशी ठेवा. उतरणाऱ्याने तोंड गाडीकडे करून, दांडा धरून, मागे पाय टाकावा. पिशवी आधी खाली द्यावी.