जुनाट आम्लपित्तावरचे पर्यायी उपचार : काही महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेबाचे काम पाहतो. हंगामात सौदे आटोपून शेतकऱ्यांच्या पट्ट्या तयार होईपर्यंत रात्रीचे जेवण फार उशिरावर जाते आणि दिवसभर चहाचा मारा चालू असतो. त्यामुळे छातीतली जळजळ, करपट ढेकरा आणि पहाटे घशाशी येणारे आंबट पाणी यांची मला अनेक वर्षांची सवय झाली होती. मिरजेत एंडोस्कोपी केली तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ‘ग्रेड ए’ची इजा, म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान ओरखडे, आणि जठराचा थोडा भाग छातीकडे सरकल्याचे, म्हणजे लहानसा हायटस हर्निया असल्याचे दिसले. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी दिली आणि तिने गुणही चांगला आला, हे आधीच सांगितले पाहिजे. पर्याय शोधले ते गोळी निकामी ठरली म्हणून नव्हे, तर तिच्याशिवाय किंवा निदान कमी मात्रेत भागते का, हे पाहण्यासाठी.

आमच्या यार्डात अनेक जण ही गोळी जळजळ सुरू झाल्यावर घेतात आणि मग गुण नाही म्हणून चूर्णांकडे वळतात. वास्तविक ती न्याहारीपूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, कारण जठरातील आम्ल तयार करणारे पंप खाण्याने कामाला लागतात आणि गोळी त्यांनाच बंद करते. दीर्घकाळ घेतल्यावर ती एकदम सोडली, तर काही दिवस आम्ल नेहमीपेक्षा जास्त सुटते. त्या दिवसांत कोणताही पर्याय घेतला तरी तो वाया गेल्यासारखाच वाटणार. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मी आधी मात्रा निम्मी केली, नंतर दिवसाआड घेऊ लागलो आणि मगच एकेक उपाय जोडत गेलो.

पहिला उपाय अविपत्तिकर चूर्णाचा. गावभागातील वैद्यांनी नाडी आणि जीभ पाहून सांगितले, “आधी कोठा साफ होऊ द्या, पित्त आपोआप खाली वळेल.” चूर्ण जिभेवर ठेवले की प्रथम साखरेची गोडी लागते, मागून लवंगेचा झणका येतो आणि शेवटी सुंठ-मिऱ्यांची तिखट चव बराच वेळ टाळ्याला राहते. त्यात सर्वांत मोठा वाटा साखरेचा आणि त्याखालोखाल निशोत्तराचा असतो. निशोत्तर रेचक आहे, त्यामुळे माझी जुनी बद्धकोष्ठता गेली, पोटाचा फुगारा उतरला आणि दिवसाच्या ढेकरा निश्चित कमी झाल्या. कुंथण्याने पोटातला दाब वाढतो, तो टळल्याचाही यात वाटा असावा, असे मला वाटते. पहाटेच्या आंबट पाण्यावर मात्र चूर्णाचा काडीचाही परिणाम झाला नाही. मधुमेह असणाऱ्यांनी यातली साखर विचारात घ्यावी, आणि रेचक रोजच्या रोज किती काळ घ्यायचे हे वैद्यांना स्पष्ट विचारून घ्यावे.

त्यानंतर शेजारच्या काकांनी सूतशेखर हे आयुर्वेदिक औषध सुचवले. त्यात पारा-गंधकाची कज्जली, ताम्रभस्म, बचनाग हे विषारी मूळ आणि धोत्र्याचे बी असते, आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना वेष्टनावर छापलेली असते. एवढे वाचल्यावर ते परस्पर दुकानातून आणून खाण्याची माझी तयारी झाली नाही. ज्येष्ठमधाची काडी चघळायला मात्र सुरुवात केली. घशाला फार बरे वाटले; परंतु ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब वाढू शकतो. माझा रक्तदाब मुळात काठावरचा असल्याने तपासणीत आकडा चढलेला दिसताच ते थांबवले.

हळदीच्या गावात पित्तावर हळद सुचवणारे पावलोपावली भेटतात. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर त्यांचा उत्साह दुणावला आहे. थायलंडमधील एका चाचणीचा दाखला दिला जातो, तो खोटा नाही: 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत हळदीतले करक्युमिन हे द्रव्य आणि ओमेप्राझोल ही माझ्या गोळीच्याच जातीची गोळी यांचा गुण जवळपास सारखा आला होता. पण ते रुग्ण अपचनाचे होते, आम्ल वर येण्याचे नव्हते, आणि दिलेले करक्युमिन दिवसाला दोन ग्रॅम होते. आपल्या हळदीत करक्युमिन साधारण शेकडा तीन ते पाच असते, तेव्हा दुधातल्या चिमूटभर हळदीला हा दाखला लागू पडत नाही. शिवाय ते हळदीचे दूध आम्ही झोपताना पितो, आणि आडवे होण्याआधी पोटात भर घालणे हाच माझ्या दुखण्याचा उगम होता. मी ते सोडले. थंड दुधाने तेवढ्यापुरते शमते, नंतर आम्ल पुन्हा सुटते. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी मला काहीच फरक जाणवला नाही.

एवढे करून झाल्यावर मला पटले ते असे की, हे बहुतेक उपाय पोटात आम्ल किती आहे याच्याशी झगडतात. माझ्या बाबतीत मात्र मूळ प्रश्न अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरची झडप सैल पडून ते वर येण्याचा होता. त्यामुळे खरा फरक पडला तो औषध न म्हणता येणाऱ्या गोष्टींनी. वखारीतून लाकडाचे दोन ठोकळे कापून घेतले, पलंगाचे पाय घसरू नयेत म्हणून सुताराकडून त्यांत खोलगट खाच पाडून घेतली आणि डोक्याकडची बाजू सुमारे सहा इंच उचलली. उशांचा ढीग हा त्याला पर्याय नाही, कारण त्याने माणूस कमरेत दुमडतो आणि पोटावर दाबच येतो. सुरुवातीला आम्ही दोघेही रात्रभर पायथ्याकडे घसरत होतो आणि घरातून “अहो, हे पित्त तुमचं आहे, माझं नाही” असे ऐकावे लागले. जाड विणीची चादर घातल्यावर ते थांबले. डाव्या कुशीवर झोपणे आणि झोपण्याच्या तीन तास आधी जेवणे ही त्याची जोड. यार्डात उशीर होणार असेल, तर डबा सात वाजता तिथेच उघडतो आणि घरी गेल्यावर काही खात नाही. पहाटेचे आंबट पाणी यानंतरच बंद झाले.

पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव मी अविश्वासानेच धरला होता. श्वासपटलाचे स्नायू त्या झडपेला बाहेरून आधार देतात, आणि 2012 साली ऑस्ट्रियातील एका छोट्या चाचणीत अशा सरावाने अन्ननलिकेत येणारे आम्ल कमी झाल्याचे दिसले होते. मला जाणवलेला फरक मंद आहे, पण सराव सुटला की ढेकरा वाढतात, म्हणून तो चालू ठेवला आहे. लग्नाच्या पंगतीत किंवा मटणाच्या जेवणानंतर समुद्री शेवाळापासून बनवलेले अल्जिनेटचे पातळ औषध घेतो; ते जठरातील अन्नावर तराफ्यासारखे तरंगते आणि आम्लाला वर येऊ देत नाही. त्यात सोडियम असते, एवढे रक्तदाबवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

अन्न गिळताना अडकत असेल, वजन घटत असेल, शौचाला काळी होत असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर यांपैकी काहीही करून पाहण्यात वेळ घालवू नये. आधी तपासणी करून घ्यावी. माझी गोळी पूर्ण सुटलेली नाही. हळदीच्या हंगामात ती निम्म्या मात्रेत घ्यावीच लागते, इतर दिवसांत लागत नाही. कांदा-लसूण चटणी थोडी खाल्ली तर सोसते, संध्याकाळनंतरचा चहा अजिबात सोसत नाही. सकाळी उठल्यावर आवाज बसलेला असतो, तो त्रास मात्र यांपैकी कशानेही कमी झालेला नाही. तो पित्ताचाच आहे की हळदीच्या धुळीचा, हे नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवून घेणार आहे.