कृष्णधवल फोटो: कॅमेऱ्यातच की घरी संगणकावर?

डिजिटल कॅमेऱ्यावर कृष्णधवल काम करायचं ठरवलं की दोन वाटा समोर येतात. रंगीत रॉ फाइल, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची फाइल, काढून घरी तिचे रंग उतरवायचे, किंवा कॅमेरा मोनोक्रोमवर, म्हणजे कृष्णधवल सेटिंगवर, ठेवून रॉ आणि जेपेग (कॅमेऱ्यानंच तयार केलेला फोटो) दोन्ही एकदम काढायचे. रंग टिपतच नाहीत असे सेन्सरही मिळतात. लायकानं २०१२ साली आणि पेंटॅक्सनं २०२३ साली तसे कॅमेरे आणले. पण त्यांतून नंतर रंगीत प्रत मिळतच नाही, म्हणून बहुतेकांसाठी प्रश्न पहिल्या दोन वाटांचाच उरतो. त्या दोन्हींनी मी बरंच काम केलं आहे.

कागदावर संगणकाचं पारडं जड आहे. रॉमध्ये लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग वेगवेगळे हाताशी असतात. आभाळ गडद करा, पानं उजळा. जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, त्यामुळे आभाळ जरा जास्त ताणलं की पट्टे दिसू लागतात. हे खरंच आहे.

तरी माझं मन दुसरीकडे वळलं ते एका कटकटीमुळे. दिवे घाटातली वारी घ्या. पहिल्या पावसानं हिरवा झालेला उतार आणि पुढे लाल लुगडं नेसलेली, डोक्यावर तुळस घेतलेली माउली. रंगात ती लांबूनही उठून दिसते आणि शटरवरचं बोट आपसूक दाबलं जातं. पण नेहमीच्या रूपांतरात हिरव्याला सुमारे ५९ टक्के वजन असतं, लालाला ३० आणि निळ्याला ११. त्या हिशेबानं गडद लाल आणि ओला हिरवा जवळपास एकाच करड्या छटेवर येतात. रंग उतरवले की माउली डोंगरात विरघळून जाते. संगणकावर लाल स्लायडर (लालाचा उजेड कमी-जास्त करणारी पट्टी) वर न्यावा तर लुगडं सुटतं, पण ओठ आणि कुंकूही लालातलेच. कुंकू फिकं पडतं, चेहऱ्याचा उठाव जातो. हिरवा खाली ओढावा तर तुळशीची पानं काळी होतात. मग मास्क आखत बसा, म्हणजे फोटोतला तेवढाच भाग निवडून बदलत बसा. वारीच्या फोटोंत लाल-हिरवं जागोजागी असतं, त्यामुळे हे काम संपतच नाही.

मिररलेसच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या छोट्या पडद्यात) हेच दृश्य आधीपासून कृष्णधवल दिसतं. लुगडं डोंगरात मिसळतंय हे तिथल्या तिथे कळतं. दोन पावलं सरकायचं, गुडघे वाकवायचे आणि माउलीच्या मागे ढगाळ आभाळ आणायचं. छटा वेगळ्या करायचं काम जागेवरच होतं, आणि कितीही स्लायडर हलवले तरी उभं राहायची जागा नंतर बदलता येत नाही.

फिल्टरचा परिणामही डोळ्यांसमोर दिसतो. फुजीफिल्म कॅमेऱ्यांच्या कृष्णधवल सेटिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅक्रॉसमध्ये पिवळा, लाल, हिरवा असे पर्याय आहेत. इतर कंपन्यांच्या मोनोक्रोममध्येही बहुधा असतात. लालानं निळं आभाळ गडद होतं आणि त्वचा उजळते. हिरव्यानं उन्हात रापलेल्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती उमटते, आणि म्हाताऱ्या वारकऱ्यांसाठी मला तोच आवडतो. एखाद्या फोटोला फिल्टर चुकीचा वाटला तर रॉ फाइल रंगीतच असते, त्यामुळे घरची वाट बंद होत नाही. कार्ड मात्र लवकर भरतं.

आता तुमच्याकडे काय आहे त्यावर थोडं अवलंबून आहे. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून थेट दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, रंगच दिसतात. कृष्णधवल दिसतं ते फक्त मागच्या पडद्यावर, आणि भर उन्हात त्याचा उपयोग जेमतेम. अशा वेळी रंगीत रॉच बरी. लग्नाची कामं घेणाऱ्यांनाही मी तेच सांगेन, कारण तिथे रंगीत प्रत आधी लागते. पण मिररलेस असेल आणि फोटो स्वतःसाठी काढत असाल, तर निदान एक अख्खा पावसाळा व्ह्यूफाइंडर मोनोक्रोमवरच ठेवून बघा, असं मला वाटतं.