मेबेरीचा शेरिफ आणि बायबल अभ्यास: काय चालतं, कुठे घसरतं

‘द अँडी ग्रिफिथ शो’ सीबीएसवर १९६० ते १९६८ चालला. नॉर्थ कॅरोलायनातलं मेबेरी हे काल्पनिक गाव, विधुर शेरिफ अँडी टेलर, त्याचा लहानगा ओपी, घर सांभाळणारी बी आत्या आणि उतावळा डेप्युटी बार्नी फाइफ. निखळ करमणुकीच्या या मालिकेवर अमेरिकेतल्या चर्चच्या मंडळ्यांनी बायबल अभ्यासाचे वर्ग उभे केले. अभ्यासाचं साहित्य म्हणून ती कशी आहे? पाचपैकी साडेतीन. भाग नीट निवडले तर चार.

एकूण भाग २४९. त्यातले पहिल्या पाच सीझनचे १५९ कृष्णधवल आहेत, तेवढेच घ्या. नंतरच्या ९० रंगीत भागांत बार्नी अधूनमधून पाहुणा म्हणून येतो, ओपी मोठा झालेला असतो आणि गोष्टी सपक होतात.

सगळ्यात कसदार भाग ‘मिस्टर मॅकबीव्ही’ (१९६२). ओपी सांगतो, झाडांच्या शेंड्यांवरून चालणारा एक माणूस भेटला, त्याच्या डोक्यावर चांदीची टोपी, चालला की छुमछुम वाजतो. घरच्यांना वाटतं, पोरगं थापा मारतंय. अँडी त्याच्या खोलीत जातो; हे सगळं मनातलं आहे एवढं कबूल केलंस की झालं, म्हणतो. ओपीला ते जमत नाही. अँडी खाली येतो. मॅकबीव्ही आहे असं तुला वाटतं का, या बार्नीच्या प्रश्नावर तो म्हणतो: नाही, पण ओपीवर माझा विश्वास आहे. भाग इथेच थांबवा. पुढे टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणारा मॅकबीव्ही झाडावरून खरोखर उतरतो, पण ते आधी दाखवलं की चर्चा संपलीच. थांबवून योहान २०:२४–२९ वाचा, येशू पुन्हा उठला हे स्वतः पाहिल्याशिवाय न मानणाऱ्या थोमावर बोला, मग उरलेली मिनिटं लावा. एखादी गोष्ट पटणं आणि सांगणाऱ्यावर भिस्त ठेवणं यातला फरक इब्री ११ या विश्वासावरच्या अध्यायावर दिलेल्या तासाभराच्या प्रवचनापेक्षा इथे लवकर कळतो.

बाकी कुठलाही भाग मधे थांबवू नका. ‘ओपी द बर्डमॅन’ (१९६३) तर नाहीच. ओपीच्या गलोलीने पिल्लांची आई मरते. अँडी मारत नाही, खिडकी उघडतो आणि ती पिल्लं आता न येणाऱ्या आईला हाका मारताहेत, ते जरा ऐकत बस म्हणतो. ओपी पिल्लं वाढवतो, शेवटी सोडून देतो. पिंजरा रिकामा वाटतो, झाडं मात्र भरलेली. इथे चर्चा चालवणारे हमखास चुकतात: भरपाई केली म्हणजे पाप फिटलं, असा निष्कर्ष निघतो. अँडी स्वतःच सांगतो की ‘चुकलो’ म्हटल्याने मेलेलं परत येत नाही. तिथून देवाकडे क्षमा मागणाऱ्या स्तोत्र ५१ कडे वळा. गलतीकर ६:७ वर (‘पेराल तेच कापाल’) थांबलात तर मुलं नुसती धास्ती घेऊन घरी जातील.

तासाचं गणित असं: ५ मिनिटं मराठीत ओळख, सुमारे २५ मिनिटं भाग, २० चर्चा, १० वचन आणि प्रार्थना. दक्षिणी उच्चार मराठी कानाला जड जातात, म्हणून इंग्रजी सबटायटल लावा. ‘मॅन इन अ हरी’मध्ये दोन म्हाताऱ्या बहिणी रविवारभर फोन अडवून बसतात, एका लाइनवर अनेक घरं असत हे आधी सांगितलं नाही तर विनोद वाया जातो. टीव्हीवरच्या पुनःप्रक्षेपणात जाहिरातींसाठी भाग कापलेले असू शकतात, तेव्हा पूर्ण लांबीची डीव्हीडी बरी. मात्र घरगुती डीव्हीडी चर्चच्या सभागृहात दाखवायची तर प्रदर्शनाचा परवाना लागतो.

आता उणिवा. अँडीला देवबाप बनवायचा मोह आवरा. तो बऱ्याचदा सोयीचं खोटं बोलतो. ‘द पिकल स्टोरी’मध्ये बी आत्याच्या लोणच्याला रॉकेलची चव येते, तर तिला न दुखवता अँडी आणि बार्नी बरण्यांत दुकानातलं लोणचं भरतात. मालिका यावर हसून मोकळी होते. तुम्ही इफिसकर ४:१५ उघडा आणि विचारा, प्रीतीने खरं सांगायचं तर जेवणाच्या टेबलावर नेमकं कोणतं वाक्य बोलाल? गट शांत होतो, आणि तीच शांतता कामाची.

दुसरी उणीव जास्त गंभीर. दक्षिणेतलं गाव, पण आठ वर्षांत बोलती भूमिका जवळजवळ एकाही कृष्णवर्णीयाला नाही. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली मेल्या १५ सप्टेंबर १९६३ ला. पक्ष्यांचा भाग दाखवला गेला ३० तारखेला. प्रौढांच्या गटापुढे या दोन तारखा शेजारी ठेवा आणि लूक १०:२९ मधला ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न वाचा.

पाळकांच्या बैठकीसाठी ‘सर्मन फॉर टुडे’. पाहुणा पाळक सांगतो, धावपळ कमी करा. दुपारी अख्खं गाव निवांत संगीताचा कार्यक्रम करायच्या धावपळीत दमतं. आणि प्रवचन संपल्यावर बार्नी पाळकाचा हात धरून म्हणतो, या विषयावर बोलावं तेवढं थोडंच: पाप! प्रवचनात पापाचा विषयच नव्हता.