ड्रायव्हरला वळसा घालून थेट प्रिंटरशी: आठ महिन्यांनंतर

पावत्यांचा ८० मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर गेले आठ महिने मी रॉ कमांडवर चालवतोय, म्हणजे ड्रायव्हर (विंडोज आणि प्रिंटरमधला दुभाषी प्रोग्रॅम) टाळून आकड्यांतले हुकूम थेट प्रिंटरला पाठवतोय. विंडोजच्या तयार फंक्शनपैकी ओपनप्रिंटरने प्रिंटर उघडायचा, डेटाचा प्रकार 'रॉ' सांगायचा आणि राइटप्रिंटरने बाइट ढकलायचे, एवढंच. कमांड एप्सनच्या ईएससी/पीओएस या पावती-प्रिंटरच्या हुकूमभाषेतल्या: २७ ६४ पाठवलं की प्रिंटर मूळ स्थितीत येतो, २९ ८६ ० ने कागद कापला जातो. आधी ड्रायव्हर अख्ख्या पावतीचं चित्र करून पाठवायचा. आता साधी इंग्रजी पावती काहीशे बाइटांत आटोपते आणि बटण दाबताच कागद सरकायला लागतो. या वेगासाठी मी पुन्हा हाच मार्ग धरेन.

मराठीने मात्र घाम काढला. माझ्या प्रिंटरच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. त्यामुळे जोडाक्षरं, वेलांट्या प्रोग्रॅममध्येच जुळवून ओळीचं चित्र पाठवावं लागतं: आडवे ५७६ ठिपके, म्हणजे प्रत्येक रांगेला ७२ बाइट. सगळं छान चाललं होतं, पण काही नावं मधूनच तुटायची. अक्षराचा वरचा भाग जागेवर, खालचा बरोबर ८ ठिपके उजवीकडे! दोन दिवस मी फॉन्टलाच दोष देत बसलो. शेवटी बाइट मोजले तर एक जास्त. चित्राची फाइल मी टेक्स्ट मोडमध्ये लिहीत होतो. ठिपक्यांच्या एखाद्या नक्षीतून १० हा बाइट तयार झाला, की विंडोज त्याला नवी ओळ समजून आधी १३ घुसडायचं. बाइट जसेच्या तसे लिहिणारा बायनरी मोड लावला आणि अक्षरं जुळली. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

दुसरी गोष्ट उशिरा कळली. राइटप्रिंटर 'झालं' म्हणतो, तेव्हा बाइट फक्त स्पूलरने (विंडोजमधला छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) घेतलेले असतात. कागद संपलेला असला तरी उत्तर तेच. म्हणून आता नेटवर्कवरून प्रिंटरच्या ९१०० पोर्टला (बाइट थेट घेणाऱ्या दाराला) जोडतो आणि पावतीआधी १६ ४ ४ पाठवून कागदाचं विचारतो. १८ आलं तर कागद आहे; उत्तरात ९६ चे (६४ आणि ३२ चे) बिट दिसले तर संपलाय.

ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर हे करायला जाऊ नका. पानाची सगळी मांडणी संगणकाकडून करून घेणाऱ्या स्वस्त मॉडेलांना साधा मजकूरही कळत नाही.

आणि पावती झाली की जोडणी लगेच बंद करा. माझा प्रिंटर एक जोडणी उघडी असेपर्यंत दुसरीला दाद देत नाही.