कांदा बियाण्यासाठी मधपेट्या भाड्याने घेतल्या त्याचा रिव्ह्यू: चार स्टार, पाचवा का कापला ते वाचा

आमचं गाव निफाड तालुक्यात, दोन एकर डोंगळे (बियाण्यासाठी लावलेले कांद्याचे फुलदांडे) होते यंदा, घरच्याच निवडलेल्या कांद्याचे. जानेवारीच्या शेवटाला गोंडे, म्हणजे फुलांचे गुच्छ, उघडायला लागले तेव्हा चार पेट्या भाड्याने घेतल्या, पेटीमागे महिन्याला दीड हजार, आणणं-नेणं वेगळं. पेटीवाल्याचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि माणूस चांगला आहे.

आधी मागच्या वर्षीचं सांगतो म्हणजे पेट्या का घेतल्या ते कळेल. गोंडे असे भरदार दिसत होते की येणारा-जाणारा थांबून बघायचा, आणि काढल्यावर तळहातावर चोळून फुंकर मारली तर सगळा भुसा उडाला, हातात काळे दाणे दहा-बारा. एकरी सव्वा क्विंटल पण नाही निघालं. आणि दोष कोणाचा तर माझाच, फुलात असताना थ्रिप्ससाठी (रस शोषणारी बारीक कीड) दोन फवारण्या मीच मारल्या होत्या सकाळी दहा वाजता, वर परत माश्या येईनात म्हणून गुळाचं पाणी पण मीच मारलं. म्हणजे एकीकडे विष घालायचं आणि दुसरीकडे जेवायला बोलवायचं. आई तर रोज सकाळी मऊ फडकं घेऊन गोंड्यांवरून हात फिरवायची, आमच्याकडे बरेच जण करतात तसं, पण दोन एकरावर किती फिरवणार.

कांद्याचं कसं असतं, एका फुलातले पराग आधी मोकळे होतात आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर तयार व्हायला मागाहून वेळ लागतो, म्हणजे पराग एका फुलावरून दुसऱ्यावर कोणीतरी नेलाच पाहिजे. आणि माशीला कांद्याचं फूल तसं फार आवडत नाही, त्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, शेजारी मोहरी नाहीतर कोथिंबीर फुलात असली की ती तिकडे पळते. म्हणून पेट्या लवकर आणायच्या नाहीत, शेतात थोडी फुलं उघडल्यावरच आणायच्या, नाहीतर माश्यांना दुसऱ्या शेताची सवय लागते. हे मला पेटीवाल्याने फोनवरच सांगितलं, मी आठ दिवस आधी मागत होतो तर त्याने सरळ नाही म्हटलं. धंदा सोडून खरं सांगणारा माणूस, एक स्टार तिथंच दिला मी.

पेट्या रात्री अकराला आल्या, दारं जाळीने बंद करून. मेलिफेरा माशी (पेटीत पाळतात ती युरोपियन जात), दहा फ्रेमची (पोळ्याच्या चौकटींची) पेटी, आठ फ्रेमवर माश्या गच्च होत्या हे त्याने टॉर्च लावून दाखवलं, एका पेटीत राणी पण दाखवली. स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नये म्हणून. सावली, दाराची दिशा, जवळ पसरट भांड्यात पाणी आणि त्यात गोणपाट, सगळं स्वतः लावून गेला. पाणी का तर ठिबकच्या गळतीजवळ किंवा फवारणीचा टाका धुतलेल्या डबक्यावर माश्या पाणी प्यायला जातात आणि तिथंच मरतात. मी वीस वर्षं शेती करतो, टाका कुठं धुतो याचा मी कधी विचार पण केला नव्हता.

पहिले दहा-बारा दिवस काय मजा होती राव! ऊन चढलं की सगळ्या शेतात नुसता गुंजारव, एकेका गोंड्यावर तीन-तीन माश्या, पायांना परागाचे पिवळे गोळे लावून पेटीच्या फळीवर धपकन उतरायच्या. पेटीतल्या माश्यांबरोबर आपल्या गावठी फुलोरी माश्या पण दिसायला लागल्या, बाभळीच्या कुंपणावर त्यांचं छोटंसं पोळं होतं ते मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं, आणि त्या पट्ट्यापट्ट्याच्या हवेत एका जागी थांबणाऱ्या माश्या असतात ना, त्या पण. फुलात एक थेंब मारला नाही त्याचा हा परिणाम, असं माझं मत.

मग तेराव्या दिवशी दुपारी रस्त्याकडच्या पेटीसमोर गेलो तर जमीन काळी. हजारभर तरी असतील, काही अजून पाठीवर पडून गोल-गोल फिरत होत्या. पेटीवाल्याला व्हिडिओ पाठवला, तो सिन्नरला होता, संध्याकाळपर्यंत आला. ओरडला नाही, काही नाही. मूठभर माश्या तळहातावर घेतल्या आणि एकेकीची बाहेर आलेली सोंड दाखवली, म्हणाला, "दादा, ही विषाची खूण आहे, उपाशी मेलेली नाही. आज वारा कुठून होता?"

वारा पश्चिमेचा होता आणि पश्चिमेला बापूंचा उन्हाळ कांदा, बापू म्हणजे माझे चुलत भाऊ. त्यांनी सकाळी साडेदहाला थ्रिप्ससाठी फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक मारलेलं. त्यांचा कांदा फुलात नाही, मग माश्यांना कसं लागलं, तर फवारा उडून माझ्या कडेच्या सऱ्यांवर आला आणि मधल्या बांधावर एकदांडी नावाचं तण फुललेलं होतं त्याच्यावर पण. मी गेलो विचारायला.

"बापू, फवारायच्या आधी सांगायचं ना."

"अरे पण मी दुकानात विचारलं होतं, माश्यांचं काय. तो म्हणे बिनधास्त मारा, हा लाल त्रिकोण नाही."

आता इथे जरा थांबतो कारण ही गोष्ट निम्म्या तालुक्याला माहीत नाही, मला पण पेटीवाल्याने सांगेपर्यंत नव्हती. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो ना, तो माणसाला आणि जनावराला किती विषारी यावरून ठरतो. लाल सगळ्यात जास्त, हिरवा सगळ्यात कमी. माशीशी त्याचा काडीचा संबंध नाही. हिरवा त्रिकोण असलेलं औषध पण माशीला जहर असू शकतं, ते बघायचं तर आतली घडी केलेली चिठ्ठी उघडायची, त्यात बारीक अक्षरात माशीबद्दल सूचना असते. ती चिठ्ठी आपण काय करतो तर खोक्यासकट बांधावर फेकतो. त्या दुकानदाराला पण माहीत नसेल, मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही.

दुसरं असं की 'संध्याकाळी मारा' हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरच आहे, माश्या घरी गेलेल्या असतात, काही औषधं सकाळपर्यंत वाळली की धोका बराच कमी होतो. पण फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडवाल्यांना हा नियम पुरत नाही, त्यांचा अंश पानाफुलावर कितीतरी दिवस राहतो, आणि इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आंतरप्रवाही (झाडाच्या आत रसातून पसरणारी) असल्याने मकरंदात आणि परागात पण उतरतात. म्हणजे माशी मरत नाही कधीकधी, ते घरी घेऊन जाते. युरोपने २०१८ मध्ये हे दोन आणि क्लोथियानिडिन उघड्या शेतात वापरायला बंद केले ते माश्यांसाठीच. आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांना युरोपचं रेसिड्यूचं (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचं) गणित तोंडपाठ असतं पण ते डब्यातल्या द्राक्षांपुरतं. आणि एकात दोन-तीन औषधं मिसळून कॉकटेल मारायची सवय तर सोडाच, काही बुरशीनाशकं पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकाबरोबर गेली की माशीला नुसत्या पायरेथ्रॉइडपेक्षा जास्त बाधतात, करपा (बुरशीचा रोग) आणि थ्रिप्स एकाच टाक्यात उरकायची घाई असते सगळ्यांना, मला पण असायची.

तर बापूंशी भांडण नाही झालं, सुदैवाने वहिनींनी चहा टाकला होता. पेटीवाल्याने तीन पेट्या त्याच रात्री उचलून पूर्वेच्या कडेला नेल्या, मार लागलेल्या पेटीला साखरेचा पाक दिला, आणि आम्ही आजूबाजूच्या सात शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. नियम एकच, फवारायच्या आदल्या दिवशी टाकायचं. मेसेज आला की मी अंधार पडल्यावर पेट्यांची दारं बंद करायचो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जाळी लावून, वर ओलं गोणपाट टाकून, कारण बंद पेटी उन्हात तापली की माश्या आतच मरतात. बापूंनी पुढची फवारणी निंबोळी अर्काची केली आणि निळे चिकट सापळे लावले, फरक पडला का विचारलं तर म्हणतात "बघू".

आता तक्रार. पेटीवाल्याने फोनवर माझ्या पिकाची सगळी चौकशी केली, शेजाऱ्यांची एका शब्दाने नाही. माशी दोन-तीन किलोमीटर जाते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत, मग पेटी ठेवायच्या आधी 'आजूबाजूला कोण काय मारतो' हे विचारायला हवं होतं, आणि बांधावर फुललेलं तण आधीच कापून टाका हे पण सांगायला हवं होतं. पेटीतल्या मेलेल्या माश्यांचं नुकसान कोणाचं हे पण आधी बोललो नव्हतो, शेवटी निम्मं-निम्मं केलं. चिठ्ठीवर लिहून घ्या बाबांनो, तोंडी ठेवू नका. पाचवा स्टार याच्यासाठी कापला.

बी एप्रिलमध्ये निघालं, एकरी दोन क्विंटलच्या थोडं वर. सगळं श्रेय पेट्यांना देत नाही, यंदा हवामान पण बरं होतं आणि करपा कमी होता. पण गोंडा चोळला की भुसा कमी आणि दाणे जास्त, हे हाताला कळतं. आईचं फडकं यंदा खुंटीवरच राहिलं.

पुढच्या जानेवारीसाठी सहा पेट्या सांगून ठेवल्यात. बापूंना पण थोडे डोंगळे लावायचेत, ते म्हणतात माझ्या पेट्यांच्या माश्या आपोआप त्यांच्याकडे येणारच आहेत तर त्यांनी भाडं का द्यावं.